मागचे दोन स्पीकर

आमच्या घरमालकांच्या हॉलमध्ये पाहुण्याला पाण्याआधी खुर्ची मिळायची, आणि ती खुर्ची हलवायची कोणालाच परवानगी नव्हती. लाल प्लॅस्टिकची, साधीच खुर्ची. तिचे चार पाय कुठे टेकले पाहिजेत हे फरशीवर काळ्या टेपचे तुकडे चिकटवून ठरवून ठेवलेलं. कोणी सहज म्हणून ती भिंतीकडे ओढली की काका हातातला कप खाली ठेवायचे, पाहुण्याला उठवायचे, खुर्ची पुन्हा टेपवर आणायचे आणि मग म्हणायचे, "हां, आता बोला." मी भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा मलाही तिथेच बसवलं. पाणी किती वाजता येतं हे विचारायला मी तोंड उघडलं, तोच माझ्या उजव्या कानामागे कुकरची शिट्टी झाली. मी दचकून मागे पाहिलं. मागे कुकर नव्हता, भिंतीवर एक लहानसा स्पीकर होता.

"दचकलात ना?" काका एकदम खूश. "म्हंजे बरोबर लागलाय."

आतून काकू म्हणाल्या, "अहो, पोरीला आधी खोली तरी दाखवा!"

चिखलीतलं दोन मजली घर ते. खाली काका-काकू, वरच्या खोलीत मी. मी मूळची परभणीची, नोकरी हिंजवडीत, सॉफ्टवेअर तपासायची. तिथून चिखली लांब पडतं हे मला सगळ्यांनी सांगितलं होतं, पण वाकडमधलं भाडं मला झेपणारं नव्हतं. काकांनी माझ्या नोकरीचा एवढाच अर्थ घेतला, की आता घरात कॉम्प्युटरचं बघणारं माणूस आलं. मला आवाजातलं ओ की ठो कळत नाही हे मी त्यांना परोपरीने सांगून पाहिलं. "शिकाल हळूहळू," ते म्हणाले, आणि मला 'मॅडम' म्हणायला लागले. पुढे मी तिथे राहिले ती सगळी वर्षं त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

त्यांच्या हॉलमध्ये सहा स्पीकर होते. पुढे डावा-उजवा, त्यांच्या मधे एक, मागच्या भिंतीवर दोन, आणि कोपऱ्यात जमिनीवर तो मोठा ठोकळा, ज्याला ते बूमर म्हणत. सगळ्यांच्या वायरी कॉम्प्युटरला जोडलेल्या. त्या दाराच्या चौकटीवरून, पडद्याच्या दांडीवरून, शोकेसच्या मागून फिरलेल्या. काकूंना जाळी काढायची तर आधी काकांना विचारावं लागे. सहा वाटांनी येणारा सहा वेगवेगळ्या जागांचा आवाज हेच खरं ऐकणं, बाकी सगळी खरखर, असं काकांचं ठाम मत होतं.

हे वेड त्यांना नोकरीतून लागलं होतं. चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत ते होते. तयार गाडी लाइनवरून उतरली की हे मागच्या सीटवर बसायचे, दुसरा एक जण ती गाडी खडबडीत ट्रॅकवरून फिरवायचा, आणि खडखड कुठून येतेय ते यांनी सांगायचं. दारातून, डॅशबोर्डातून की सीटखालून. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला सांगायचे, "भाऊ, तुमच्या उजव्या बाजूचा पत्रा ढिला झालाय, बघून घ्या." एकाही रिक्षावाल्याने त्यांचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. "आवाजाला पत्ता असतो, मॅडम," ते मला सांगत. "पत्ता चुकला की आवाज खोटा."

त्यामुळे दोन स्पीकरचं गाणं त्यांना चालत नसे. मोबाइलवर गाणी ऐकणाऱ्यांची तर त्यांना मनापासून दया यायची. शेजारच्या वर्कशॉपमधले एक भाऊ एकदा पेनड्राइव्हवर सिनेमा घेऊन आले आणि म्हणाले, "काका, याच्यात दोनच चॅनेल हायेत. दोनाचे सहा होतात का?"

"होतात की. पाहुणे वाढल्यावर आमटीत पाणी घालतात, तसे होतात," काका म्हणाले आणि पेनड्राइव्ह त्यांच्या खिशात परत ठेवला. सहाचे दोन करणं तर त्यांच्या दृष्टीने याहून वाईट. तो विषयही घरात काढायची सोय नव्हती.

त्यांची आवडती करमणूक म्हणजे घरात घरच ऐकवणं. जुन्या बाजारातून त्यांनी एक रेकॉर्डिंगचा डबा आणला होता. त्याला एकाच वेळी बरेच माइक लावता येत आणि प्रत्येक माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये वेगळा राहत असे. हॉलच्या सगळ्या बाजूंना माइक टांगून ते सकाळ रेकॉर्ड करत. मग संध्याकाळी आपल्याला खुर्चीत बसवून तीच सकाळ ऐकवत: समोरून गल्लीतला भाजीवाला, उजवीकडून वर्कशॉपमधलं लेथ, मागून काकू भाकरी थापतायत. काकू माहेरी गेल्या की ते हे भाकऱ्यांचं रेकॉर्डिंग लावून बसायचे. मी एकदा जिना उतरताना ते ऐकलं आणि काकू परत आल्या असं वाटून आत डोकावले. काका एकटेच पोहे खात बसले होते. मला बघून ओशाळले आणि म्हणाले, "मागचे दोन तपासत होतो."

मागच्या दोनांचं त्यांना सतत टेन्शन असे. कॉम्प्युटरने स्वतःला अपडेट केलं की तो हमखास सहा विसरून दोनावर यायचा आणि मागचे स्पीकर मुके व्हायचे. मग मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असले तरी फोन. "मॅडम, मागचे दोन गेले!" आवाज असा, की पलीकडे बसलेल्या सहकाऱ्याने एकदा मला विचारलं, घरी कोणी वारलं का. तपासणीसाठी त्यांनी काकूंच्या आवाजात एक फाइल बनवली होती. प्रत्येक स्पीकरमधून काकू आपापली जागा सांगत: "पुढं डावीकडं. पुढं उजवीकडं. मधी. मागं डावीकडं." शेवटी, पूर्ण वैतागलेल्या सुरात, "मागं उजवीकडं, आन् झालं असंल तर मी जाते, दूध उतू चाललंय." हे शेवटचं वाक्य काढून टाका असं मी सुचवलं. "का? उजवीकडंच तर हाय गॅस," काका म्हणाले.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्यांच्यामुळे झालं. काकूंनी भोसरीतल्या एका लहान कारखान्यात बरीच वर्षं पॅकिंगचं काम केलं होतं. आळीतल्या बायकांचं एक गाणं म्हणणारं मंडळ होतं, त्याच्या त्या पुढारी. विहारात पौर्णिमेला, कोणाच्या घरभरणीला, बारशाला या बायका गायच्या. पेटीवर काका, ढोलकीवर त्यांचे एक जुने मित्र. बसायची पद्धत ठरलेली: वादक पुढे, बायका मागे, सतरंजीवर अर्ध्या गोलात. ही पद्धत कोणी पाडली कोणास ठाऊक, पण तिच्याबद्दल कधी कोणी विचारलंही नव्हतं. गाणी बरीचशी काकूंचीच. त्या भांडी घासता घासता रचायच्या.

भोंगा झाला कंपनीचा, डबा बांधला घाईत,
लेक वाचती मोठ्यानं, उजेड पडला आळीत.

जयंतीच्या कार्यक्रमाला मोठं स्टेज लागायचं, पण तिथे दरवर्षी बाहेरगावची गायन पार्टी यायची. त्या वर्षी समितीने ठरवलं, की एक जागा आपल्याच भागातल्या मंडळाला द्यायची. ज्यांना गायचंय त्यांनी एका गाण्याचं रेकॉर्डिंग सेक्रेटरींच्या मोबाइलवर पाठवावं, समिती ऐकून ठरवील.

काकूंना ते स्टेज हवं होतं. एरवी त्या असं काही बोलून दाखवणाऱ्यातल्या नव्हत्या. पण मार्चच्या उन्हात आम्ही गच्चीवर कुरडया घालत होतो, तेव्हा सोऱ्या दाबता दाबता त्या मला म्हणाल्या, "मला बक्षीस नको न् काही नको गं. एकदा माणसांकडं तोंड करून गायचंय. आजवर ह्यांच्या पाठीकडं बघूनच गायलेय मी." आणि वर हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. त्यांना ते स्टेज मिळालंच पाहिजे असं मला तिथल्या तिथे वाटलं.

रेकॉर्डिंगचा रविवार ठरवणं हेच मोठं काम होतं. कोणी पहिल्या पाळीला, कोणी दुसऱ्या, ढोलकीवाल्या काकांचा ओव्हरटाइम. सगळ्यांची सुट्टी जुळेपर्यंत मुदत संपत आली. अखेर जुळली. काकांनी मोठ्या उत्साहाने हॉलमध्ये माइक लावले, आणि त्यांच्या तत्त्वाप्रमाणेच लावले. जो जिथे बसतो तिथून त्याचा आवाज. पुढे डावीकडे पेटी, उजवीकडे ढोलकी, बूमरला ढोलकीचा घुमारा, आणि मागच्या दोनांत सगळ्या बायका. त्या दिवशी खुर्चीत बसून मी ते सहा वाटांनी ऐकलं. खरं सांगते, अंगावर काटा आला.

पण पाठवायचं होतं मोबाइलवर. काकांनी आधी समितीतल्या प्रत्येकाला वेगवेगळा फोन करून "घरी या, खुर्चीत बसून ऐका" असं आमंत्रण दिलं. कोणी आलं नाही. शेवटी काकूंनी दम भरला, "मोबाइलवर मागितलंय ना, मग मोबाइलवर पाठवा." काकांनी कडू औषध घ्यावं तसे सहाचे दोन केले. म्हणजे काय केलं, तर सहातले पहिले दोन चॅनेल ठेवले आणि बाकीचे चार टाकून दिले. पुढचे दोन म्हणजेच स्टीरिओ, अशी त्यांची समजूत. पाठवण्याआधी एकदा ऐकून बघायचं, तर तेही नाही. दोनचं ऐकायचं नाही हा नियम त्यांनी या कामातही मोडला नाही.

शनिवारी संध्याकाळी मी कुरडयांचा डबा परत द्यायला खाली गेले, तेवढ्यात सेक्रेटरींचा फोन आला. काकूंनी स्पीकरवर टाकला.

"काकू, ऐकलं आम्ही. पेटी एक नंबर वाजलीय, ढोलकीपण कडक."

काकांनी मिशीवरून हात फिरवला.

"पण गाणं कुठाय? लांब कुठंतरी बायका बोलल्यागत वाटतंय फक्त. बायकांचं मंडळ म्हणून पाठवलंय ना तुम्ही? दुसरं असंल तर उद्या दुपारपर्यंत पाठवा, नायतर मग आमाला दुसरं मंडळ घ्यावं लागंल."

फोन बंद झाला. काकूंनी काकांकडे वळून विचारलं, "पाठवायच्या आधी ऐकलंवतं का तुमी?"

"दोनचं मी ऐकत न्हाई. तुला म्हाईत हाय."

काकू उठल्या. आत गेल्या, भात लावला, काकांचं ताट वाढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं, पण एक शब्द नाही. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. मला काकांचा असा राग आला होता, की त्यांच्याशी न बोलता मीही वर निघून आले. पुन्हा रेकॉर्डिंग करायची सोय नव्हती. ढोलकीवाले काका पाळीला गेलेले, एक बाई लेकीच्या बाळंतपणासाठी जालन्याला, दोघींची रविवारचीही ड्यूटी. जे काही होतं ते त्या कॉम्प्युटरमध्येच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्ट्याच्या वेळेला माझं दार वाजलं. काका जिना चढून आले होते. गुडघ्यांमुळे ते सहसा वर येत नसत.

"मॅडम," ते खाली बघत म्हणाले, "सहाचे दोन करायचेत. नीट. मला एकट्याला जमायचं न्हाई."

आम्ही कॉम्प्युटरसमोर बसलो. स्क्रीनवर आवाजाच्या सहा पट्ट्या एकाखाली एक. प्रत्येक पट्टी वेगळी ऐकता येते आणि कमीजास्त करता येते, एवढं मला इंटरनेटवर वाचून समजलं होतं. मी आधी बाकी सगळ्या बंद करून मागच्या दोन लावल्या. काकांनी त्या अशा, एकट्या, कधीच ऐकल्या नव्हत्या. त्यांचं सगळं ऐकणं एकदम सहा वाटांनीच चालायचं.

गाणं सुरू व्हायच्या आधीचं रेकॉर्डिंगही त्यात होतं. बांगड्या वाजल्या, कोणी खाकरलं, कोणी सतरंजी ओढली. मग काकूंचा हळू आवाज आला, फक्त बायकांसाठी. "आपण मागं बसलोय म्हणून आवाज मागं ठिवायचा न्हाई गं. पुढं धाडा."

"कुठं, तुझ्या धन्याच्या पाठीवर?" दुसरीने विचारलं, आणि सगळ्या जणी तोंडाला पदर लावून हसल्याचं ऐकू आलं.

मग गाणं सुरू झालं. पेटी नाही, ढोलकी नाही, फक्त त्या बायका, आणि सगळ्यांच्या वर काकूंचा आवाज. थोडा जाडा, पण सुराला पक्का. तो कुठे ओढायचा आणि कुठे सोडायचा हे त्यांना नेमकं कळत होतं. काका स्क्रीनकडे बघत होते, पण ते तिकडे काही बघत नसावेत. गाणं संपलं.

"परत लावू का?" मी विचारलं.

"मी पेटी वाजवतो तेव्हा ती माझ्या पोटाशी असती, मॅडम," ते म्हणाले. "हिचा आवाज मला असा कधी ऐकूच आला न्हाई. लग्न झाल्यापास्नं हिच्या गाण्याला पेटी वाजवतोय मी." मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. माझा कालचा राग कुठल्या कुठे गेला.

नंतर ते कामाला लागले. मागच्या दोन्ही पट्ट्या त्यांनी पुढे आणल्या आणि काकूंचा आवाज मधोमध ठेवला. हे करताना एकदाही कुरकुरले नाहीत. पेटीची पट्टी मात्र कमी, अजून कमी, आणखी कमी करत गेले. "काका, आता पेटी ऐकूच येत नाही," मी म्हटलं. "येती. शोधली तर सापडती," ते म्हणाले, आणि अजून थोडी कमी केली.

तयार झालेलं गाणं त्यांनी माझ्या मोबाइलवर घ्यायला लावलं. समितीची माणसं मोबाइलवर ऐकणार, तीही गाडीवर बसून, गल्लीच्या गोंगाटात, हे त्यांनी आता गृहीत धरलं होतं. मोबाइल घेऊन ते बाहेर गेले, वर्कशॉपच्या दारात, चालू लेथशेजारी उभे राहिले आणि दुसऱ्या कानात बोट घालून पूर्ण गाणं ऐकलं. वर्कशॉपवाले भाऊ काम थांबवून बघायला लागले. काकांना मोबाइलवर गाणं ऐकताना त्या गल्लीत याआधी कोणीच पाहिलं नव्हतं.

परत आले ते थेट स्वयंपाकघरात. काकू कणीक मळत होत्या. काकांनी मोबाइल ओट्यावर ठेवला आणि गाणं लावलं. काकूंचे हात परातीतच थांबले. त्यांनी मान वर केली नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं.

"पेटी कुठंय?" त्यांनी विचारलं. कालपासूनचा पहिला शब्द.

"मागं ठेवलीय."

"एवढी मागं?"

"तू इतकी वर्षं हुतीस की," काका म्हणाले.

काकूंनी कणकेचे हात धुतले आणि चहाचं आधण ठेवलं. मी तिथून काढता पाय घेतला. पायरीवर बसून सेक्रेटरींना गाणं पाठवलं, आणि मग दुपारभर मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. उत्तर रात्रीची जेवणं झाल्यावर आलं. त्यात दोनच शब्द होते, 'या काकू'. मी ते वाचून ओरडत जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर पाय मुरगळून घेतला. पुढचे आठ-दहा दिवस मी लंगडत ऑफिसला जात होते आणि कारण विचारणाऱ्याला आनंदाने सगळी गोष्ट सांगत होते.

पुढे माझं लग्न झालं आणि मी वाकडला राहायला आले. काकांचा फोन अजून येतो. मागचे दोन अजूनही जातात आणि ते परत कसे आणायचे ते मी अजूनही फोनवरून सांगते. त्यांचं ते वेड काही बरं झालेलं नाही, व्हावं अशी माझी इच्छाही नाही. एका बाबतीत मात्र ते बदलले: कोणतंही गाणं कोणाला पाठवायचं असलं की आधी ते मोबाइल घेऊन गल्लीत जाऊन ऐकतात, तोंड वाकडं करून, पण पूर्ण ऐकतात.

त्या वर्षीच्या जयंतीच्या संध्याकाळी मी स्टेजसमोर जमिनीवर बसले होते. गर्दी अशी होती की मांडी बदलायला जागा नव्हती. मंडळाचं नाव पुकारलं तशा बायका एकेक करून पायऱ्या चढल्या. निळ्या काठाच्या पांढऱ्या साड्या, चेहऱ्यावर बावरलेपण. स्टेजवर समितीच्या पोरांनी नेहमीच्या पद्धतीने मांडणी केली होती. पुढे वादकांच्या गाद्या आणि त्यांच्यासमोर माइक, मागे लांब सतरंजी. बायका आपसूक मागच्या सतरंजीकडे वळल्या. काकूसुद्धा वळल्या.

तेवढ्यात काका पेटी छातीशी धरून वर आले. त्यांनी पुढच्या गादीकडे पाहिलं, मागच्या सतरंजीकडे पाहिलं, आणि गादी ओलांडून सरळ मागे गेले. एका कोपऱ्यात खाली बसले आणि पेटीचा भाता सोडला.

"काका, ओ काका! पेटी पुढं लागती!" सेक्रेटरी खालून ओरडले.

"पेटीची जागा ठरलीय," काका म्हणाले, आणि ढोलकीवाल्या मित्राला हाताने बोलावून शेजारी बसवून घेतलं. मग मागे उभ्या राहिलेल्या बायकांना म्हणाले, "जावा ना पुढं. माइक तिकडं हायेत."

कोणी हलेना. सगळ्या जणी काकूंकडे बघत होत्या. काकूंनी पदर खोचला आणि रिकाम्या गादीपर्यंत चालत गेल्या. पायाने ती बाजूला सारली आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. मग बाकीच्या आल्या. मागून काकांनी सूर दिला, अगदी बारीक. काकूंनी तो ऐकून घ्यायला एकदाच मागे वळून पाहिलं, आणि मग समोर बसलेल्या आम्हा सगळ्यांकडे तोंड करून गायला सुरुवात केली.